एचआरची नोकरी शोधण्याआधी शहर समजून घ्या

लेथवर काम करणारा कारागीर नागपूरहून भोसरीला आला, तरी त्याच्यासमोरचे यंत्र बदलत नाही. हिशेब लिहिणाऱ्याला गाव बदलले म्हणून जमाखर्च नव्याने शिकावा लागत नाही. एचआरचे काम मात्र जागेला चिकटलेले असते. माणसे कोणत्या भागातून मिळतात, किती लांबून कामाला येतात, कोणत्या पगाराला टिकतात आणि कितीच्या फरकासाठी शेजारच्या कंपनीत जातात, युनियन आहे का, ठेकेदार कोण, राज्याचे कोणते कायदे लागू होतात, सणाच्या आठवड्यात हजेरी किती घसरते, या प्रश्नांची उत्तरे शहरागणिक वेगळी असतात. लग्नामुळे, जोडीदाराच्या बदलीमुळे, आईवडिलांच्या आजारपणामुळे किंवा चांगल्या संधीसाठी पुण्यात आलेली व्यक्ती एचआरची नोकरी शोधू लागते, तेव्हा बहुधा ही गोष्ट तिच्या लक्षात आलेली नसते. जुना बायोडेटा, नवा पत्ता आणि रोज डझनावारी अर्ज, असा शोध सुरू होतो. उत्तरे येत नाहीत तेव्हा पदवी कमी पडते की अनुभव, अशी शंका मनाला खाऊ लागते. माझे म्हणणे असे की बहुतेकांना कमी पडते ती या शहराची माहिती. ती नोकरी लागण्याआधी, थोड्या दिवसांत आणि जवळजवळ फुकट मिळवता येते. म्हणून शोधाची सुरुवात तिथून करावी.

आधी कायद्याकडे पाहू, कारण तिथे फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश किंवा राजस्थानात पगारपत्रके केलेल्या माणसाने व्यवसाय कराचा रकाना पाहिलेलाच नसतो, कारण त्या राज्यांत हा कर नाही. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आहे. वरच्या टप्प्यात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात, आणि एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. कामगार कल्याण निधीची वर्गणी इथे जून आणि डिसेंबरच्या पगारातून जाते. मालाची चढउतार करणाऱ्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आणि त्याखालची मंडळे, खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आणि त्याचे मंडळ, दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा ही सगळी महाराष्ट्राची स्वतःची रचना आहे. युनियनला मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथा रोखणे यासाठी या राज्याने १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि इथल्या कामगार न्यायालयांत व औद्योगिक न्यायालयांत काम करणाऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची घडण त्या कायद्याने झाली. हैदराबादहून किंवा इंदूरहून आलेल्या उमेदवाराला मुलाखतीत यातला एखादा प्रश्न आला की त्याचा पाच वर्षांचा अनुभव क्षणात उणा वाटू लागतो. उलट कोल्हापूर, नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून आलेल्याकडे हे सारे आधीपासून असते, पण तो ते बायोडेटात लिहीतच नाही, कारण त्याला ते रोजचे, सामान्य काम वाटते. राज्यातल्या राज्यात शहर बदलणाऱ्यांनी ही आपली पुंजी ठळकपणे मांडली पाहिजे. राज्याबाहेरून आलेल्यांनी मुलाखतींना सुरुवात होण्याआधी आठवडाभर बसून एवढे वाचून काढले पाहिजे.

दुसरा पुरावा भूगोलाचा. नकाशावर पुणे एक शहर दिसते, नोकरीच्या दृष्टीने ती निदान चार शहरे आहेत. चाकण, तळेगाव, रांजणगाव हा मोठ्या कारखान्यांचा आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांचा पट्टा. चाकणला महिंद्र, फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ, बजाज ऑटो. रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, हायर. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या नावांच्या आसपास लहान-मध्यम वर्कशॉपची दाट वस्ती आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर या भागांत आयटी कंपन्या आणि परदेशी कंपन्यांची सेवाकेंद्रे आहेत. चौथे शहर या सगळ्यांत विखुरलेले आहे: रुग्णालये, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यावसायिक, हॉटेले, किरकोळ विक्रीची दुकाने, मालवाहतूक आणि गोदामे. या चारही ठिकाणच्या जाहिरातीत पदाचे नाव ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’ असेच असते, पण आतले काम फार वेगळे. चाकणच्या कारखान्यात दिवस टाइम ऑफिसमधल्या हजेरीने सुरू होतो. ठेकेदाराची माणसे किती आली, कोणत्या लाइनवर किती कमी आहेत, कँटीनची तक्रार, बसचा मार्ग, अपघाताची नोंद, ट्रेनींच्या बॅचची मुदत. हिंजवडीत दिवस जातो तो उमेदवारांचा पाठपुरावा करण्यात, नोटीस पीरियडच्या वाटाघाटींत आणि जॉइन होतो म्हणून ऐन वेळी न येणाऱ्यांच्या मागे. रुग्णालयात परिचारिकांच्या पाळ्या आणि त्यांची सततची गळती हा मुख्य प्रश्न असतो. तुमचा आधीचा अनुभव यांतल्या कोणत्या शहराशी जुळतो, हे ठरवल्याशिवाय केलेला अर्ज वाया जाण्याची शक्यता मोठी.

या भूगोलात काही बारकावे असे आहेत की ते माहीत असलेला माणूस दोन वाक्यांत इथला वाटू लागतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कारखान्याची पहिली पाळी भल्या सकाळी सुरू होते, त्यामुळे हडपसरला राहणाऱ्याने चाकणची नोकरी घेणे म्हणजे अंधारात घर सोडणे. कंपनीची बस कुठून निघते, हा प्रश्न तिथे पगाराइतकाच महत्त्वाचा. पुणे-नाशिक रस्त्यावरची आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरची वाहतूक किती वेळ खाते, हे तिथे रोज जाणाऱ्याला विचारून घ्यावे. पीएफची कार्यालये पुणे कॅम्पात गोळीबार मैदानाजवळ आणि आकुर्डीत आहेत, ईएसआयचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे. कामगाराला अपघात झाला तर कुणाला कुठे पाठवायचे, हे एचआरलाच सांगावे लागते. या गोष्टी बायोडेटात लिहायच्या नसतात. पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात नवख्याबद्दल जी धास्ती असते, की याला सगळे पहिल्यापासून शिकवावे लागेल, ती अशाच गोष्टींनी जाते.

आता नोकऱ्या निघतात कुठे ते पाहू. बहुतेक नवखे मोठ्या नावांच्या मागे धावतात, आणि मोठ्या कंपन्यांत एचआरच्या जागा मुळातच थोड्या असतात. शेकडो कामगारांमागे एचआरची माणसे मूठभर. शिवाय तिथे कामगार कल्याण अधिकाऱ्यासारखी पदे कायद्याने बांधलेली आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असल्यास हे पद सक्तीचे होते, नव्या श्रमसंहितेत ही मर्यादा २५० वर आली आहे. त्यामुळे अशा जागा वाढण्याची शक्यता आहे, मात्र नुसत्या एमबीएवर तिथे निवड होईल असे धरून चालू नये. राज्याच्या नियमांत बसणारी समाजकार्याची किंवा कामगार कल्याणाची पात्रता तिथे पाहतात. पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था आणि मुंबईत परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था यांचे विद्यार्थी या पदांवर दिसतात ते याच कारणाने. नवख्यासाठी जास्त मोकळी जागा आहे ती वाढत्या लहान-मध्यम कंपन्यांत. दहा माणसे झाली की ईएसआय येते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, ग्रॅच्युइटीची जबाबदारी सुरू होते. वीस माणसांवर पीएफ लागतो. पन्नासवर पाळणाघराचा प्रश्न उभा राहतो. या प्रत्येक पायरीवर मालकाला, जो तोवर हे सगळे अकाउंटंटकडून करून घेत असतो, पहिल्यांदा जाणवते की आपल्याला एचआरचे माणूस हवे. अशी जागा बऱ्याचदा जाहिरातीत येतच नाही. ती अकाउंटंटला, सीएला किंवा कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारून भरली जाते.

म्हणून माझा आग्रह असा की नव्या शहरात आलेल्याने कामगार कायदा सल्लागार, पेरोल सांभाळणाऱ्या संस्था आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या यांच्याकडे कमी दर्जाचे काम म्हणून पाहू नये. एखाद्या सल्लागाराच्या कार्यालयात वर्षभर काम केले तर अनेक कंपन्यांची चलने, रिटर्न, तपासण्या, ठेकेदारांचे परवाने आणि फुल अँड फायनलचे वाद नजरेखालून जातात. कोणती कंपनी वेळेवर पगार देते, कुणाकडे माणसे टिकत नाहीत, कुठला प्लांट हेड एचआरचे ऐकतो, हे सगळे कळते. एवढ्या वेळात शहराची इतकी ओळख दुसऱ्या कुठल्याही मार्गाने होणार नाही. यावर एक रास्त आक्षेप येतो: चांगल्या कंपनीत एचआर बिझनेस पार्टनर राहिलेल्याने सल्लागाराकडे पीएफची चलने भरायला बसले तर पुढच्या मुलाखतीत ती घसरण दिसणार नाही का? दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल तर दिसेल, आणि अशांनी हा रस्ता धरू नये. त्यांनी त्याच संस्थांशी ठरावीक कामापुरता करार करावा, धोरणे लिहून द्यावीत, प्रशिक्षण द्यावे. पण पाच-सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यांचे यात नुकसान होत नाही. दोन गोष्टी मात्र आधीच ठरवून घ्याव्यात. तुम्हाला नुसती डेटा एंट्री देणार की ग्राहक कंपन्यांशी थेट बोलू देणार, हे विचारावे; आणि दीड-दोन वर्षांनंतर काय करायचे हे स्वतःशी पक्के असावे. दुसरी गोष्ट न ठरवणारी माणसे तिथेच अडकतात.

ओळखीशिवाय एचआरमध्ये नोकरी लागत नाही, हे वाक्य नव्या शहरात हमखास ऐकायला मिळते, आणि ते ऐकून अनेक जण हातपाय गाळतात. या वाक्यात अर्धे सत्य आहे. एचआरच्या माणसाच्या हाती सगळ्यांचे पगार असतात, कुणाला काढायचे ठरले आहे ते माहीत असते, तक्रारींचे कागद असतात. शिवाय आहे त्या माणसाला बदलायचे असेल तर कंपनी जाहिरातही देऊ शकत नाही. म्हणून या जागा विश्वासातल्या माणसाला विचारून भरतात. यात वशिला थोडा आणि सावधपणा जास्त असतो. हे नीट समजले की उपायही दिसतो: तुमच्याबद्दल खात्रीने बोलू शकेल असा माणूस या शहरात तयार करणे. त्यासाठी नातेवाईक लागत नाहीत. आधीच्या कंपनीतला वरिष्ठ पुण्यातल्या कुणा ना कुणा एचआर प्रमुखाला ओळखत असतो. नोकरी सोडतानाच त्याला ‘पुण्यात दोन माणसांना माझ्याबद्दल फोन करा’ असे स्पष्ट सांगावे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट ही १९८० मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झालेली संस्था, आणि १९८५ मध्ये सुरू झालेले नॅशनल एचआरडी नेटवर्क, दोन्हींच्या शाखा पुण्यात आहेत. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स १९३४ पासून इथल्या उद्योगांना एकत्र आणते आहे. यांच्या व्याख्यानांना, कायद्यांवरच्या कार्यशाळांना जावे. जे जातात त्यांतले बरेच जण एक चूक करतात: पहिल्या भेटीत बायोडेटा पुढे करतात. समोरच्याला त्या क्षणी नाही म्हणावे लागते आणि ओळख तिथेच संपते. त्याऐवजी कामाचा प्रश्न विचारावा. ‘तुमच्याकडे रांजणगावला ठेकेदाराची माणसे बहुतेक कुठून येतात?’ किंवा ‘नव्या वेतनव्याख्येनंतर तुम्ही पगाराची रचना बदलली का?’ अशा प्रश्नाला एचआरचा माणूस मन लावून उत्तर देतो, कारण तो स्वतः त्याच प्रश्नाशी झगडत असतो. अशा दोन संभाषणांनंतर तुमचे नाव त्याच्या लक्षात राहते, आणि ओपनिंग निघाले की तोच फोन करतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. घरभाडे सुरू झाले आहे, अनामत दिली आहे, आणि तुम्ही शहर समजून घ्या म्हणता? हे खरे आहे. नव्या शहरातला पहिला महिना सर्वांत महाग असतो. पण मी अर्ज थांबवा म्हणत नाही. रोजचा अर्धा दिवस अर्जांना आणि अर्धा या अभ्यासाला द्यावा, एवढेच म्हणणे आहे. एचआरच्या एका साध्या जागेला पोर्टलवर अर्जांचा पूर येतो, कारण दरवर्षी व्यवस्थापनाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत हा विषय घेणारे खूप असतात. ते अर्ज चाळणारा माणूसही एचआरचाच असतो आणि तो गाळण्या लावतो: सध्याचे ठिकाण, नोटीस पीरियड, आधीचा पगार, उद्योगाचा प्रकार. नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर ठिकाण अजून नागपूर असेल तर तुम्ही पहिल्याच गाळणीत अडकता, आणि का अडकलात हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून पुण्यात पाऊल ठेवण्याआधीच ठिकाण बदला, कोणत्या भागात राहता ते लिहा, ताबडतोब रुजू होऊ शकत असाल तर तसे सांगा. एवढी दुरुस्ती केली तरी शंभर अर्जांचे काम वीस अर्जांत होईल, आणि वाचलेला वेळ अभ्यासाला मिळेल.

बायोडेटाबद्दल एवढेच सांगतो की त्यात कामाची मोजमापे हवीत. ‘भरती प्रक्रिया हाताळली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. किती माणसांचे पगारपत्रक केले, त्यांतली कायम किती आणि ठेकेदाराची किती, एका वर्षात किती जागा भरल्या आणि एक जागा भरायला सरासरी किती दिवस लागले, किती चार्जशीट दिल्या आणि किती डोमेस्टिक एन्क्वायरी शेवटपर्यंत नेल्या, पीएफच्या तपासणीत काय निघाले, हे लिहावे. जुन्या शहरातली कंपनी इथे कुणाला माहीत नसते. तिच्या नावापुढे एका ओळीत काय बनते आणि किती माणसे आहेत ते लिहिले, तर वाचणारा तिची तुलना इथल्या एखाद्या कंपनीशी करू शकतो.

एक प्रश्न मुलाखतीत जवळजवळ ठरलेला असतो, आणि स्त्रियांना तो अधिक टोचणाऱ्या रीतीने विचारला जातो: तुम्ही पुण्यात टिकणार का? पतीची पुन्हा बदली झाली तर? मुलाची शाळा? यातले काही प्रश्न विचारणे गैर आहे आणि ज्या कंपनीत ते फार खोदून विचारले जातात, तिथल्या वातावरणाचा अंदाज त्यावरून बांधावा. तरीही शंका समोरच्याच्या मनात असते, न विचारताही असते, म्हणून तिचे उत्तर आपणच आधी दिलेले बरे. घर घेतले आहे, मुलाला शाळेत घातले आहे, आईवडील इथेच आहेत, यातले जे खरे असेल ते एका वाक्यात सांगावे आणि लगेच कामाकडे वळावे. मधली दोन-तीन वर्षे नोकरी नसेल तर ती लपवू नये. तारखा पुढेमागे केलेला बायोडेटा एचआरचा माणूस पीएफच्या नोंदीवरून पडताळून पाहू शकतो, आणि ज्याला उद्या इतरांच्या तारखा पडताळायच्या आहेत त्याच्याकडून हे कुणी खपवून घेत नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत तगडा युक्तिवाद आयटीतले लोक करतात. त्यांच्या मते आता हजेरी, पगार, रजा, चलने सगळे सॉफ्टवेअर करते. टीम बंगळुरूत, व्यवस्थापक परदेशात, मुलाखती व्हिडिओवर. मग शहराचा प्रश्न येतोच कुठे? हे मी बरेचसे मान्य करतो. परदेशी कंपनीच्या सेवाकेंद्रात वेतनरचना किंवा प्रशिक्षणाचे काम करणाऱ्याला माथाडी कायदा वाचून उपयोग नाही. तिथे आकडेवारी हाताळण्याची सवय, स्वच्छ इंग्रजी आणि मोठ्या व्यवस्थेत काम केल्याचा अनुभव जास्त मोलाचा. पण आयटीतल्या भरतीलाही शहर लागते. हडपसरचा उमेदवार हिंजवडीची ऑफर घेऊन नंतर का नाकारतो, कोणत्या कंपनीत सध्या कपात सुरू आहे आणि तिथली चांगली माणसे बाहेर पाहत आहेत, हे ज्याला माहीत असते त्याच्या जागा लवकर भरतात. आणि सॉफ्टवेअर जेवढी कारकुनी उचलेल, तेवढे एचआरकडे उरलेले काम जास्त स्थानिक होईल: तक्रार ऐकणे, भांडण मिटवणे, चौकशी करणे, कामावरून कमी केलेल्या माणसाशी समोर बसून बोलणे. मराठी वाचकाला इथे एक आधार आहे. कारखान्याच्या कामगाराशी त्याच्या भाषेत बोलता येणे ही पात्रता आहे. मात्र चाकण-रांजणगावच्या लाइनवर आज मराठवाड्यातला तरुण आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातला तरुण शेजारी-शेजारी उभे असतात, त्यामुळे हिंदी सफाईने बोलता आली पाहिजे.

या घडीला नवख्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. वेतनाची व्याख्या बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्याचा परिणाम पीएफवर, ग्रॅच्युइटीवर, पगाराच्या साऱ्या रचनेवर होतो. ठरावीक मुदतीवर नेमलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. नोकरी सुटल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचे. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात असल्याने नियम राज्याराज्याचे वेगळे राहणार, म्हणजे शहर समजून घेण्याचा मुद्दा उलट पक्काच होतो. पण त्याहून महत्त्वाचे असे की वीस वर्षे चाकणमध्ये काढलेल्या अधिकाऱ्यालाही हे सारे नव्याने शिकावे लागते आहे. या एका विषयात तुम्ही त्याच्या बरोबरीने उभे आहात. ज्याने संहितांची मूळ कलमे वाचली आहेत, जुन्या आणि नव्या रचनेत एकाच पगाराचा हिशेब मांडून दाखवू शकतो, आणि राज्याच्या नियमांवर लक्ष ठेवून आहे, त्याचे म्हणणे लहान-मध्यम कंपन्यांचे मालक आज मनापासून ऐकून घेतील. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या सारांशांवर विसंबू नये. त्यांत चुका असतात आणि मुलाखतीत त्या उघड्या पडतात.

ऑफर हातात आली की घाई होते, कारण थांबणे परवडत नसते. तरी दोन दिवस घ्यावेत. सीटीसीच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरली आहे का, हातात किती येईल, येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ वजा करून काय उरते, हे कागदावर मांडावे. रिपोर्टिंग कुणाला आहे ते विचारावे. मालकाला किंवा प्लांट हेडला असेल तर कामाला वजन असते, अकाउंट्स मॅनेजरला असेल तर बहुधा एचआरच्या नावाखाली अॅडमिनचे काम असते. कुणी नोंदणी फी, प्रशिक्षण फी किंवा अनामत मागितली तर तिथून सरळ उठावे. प्रामाणिक कन्सल्टंट आपली फी कंपनीकडून घेतो.

आणि होकार देण्याआधी पीएफच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून पाहा. आस्थापना शोधण्याची सोय तिथे सर्वांना खुली आहे. कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती माणसांचा झाला, ते दिसते. ऐंशी माणसे आहेत असे सांगणारी कंपनी बावीस जणांचाच पीएफ भरत असेल, किंवा भरणा महिनोन्महिने उशिरा होत असेल, तर मुलाखतीत त्याचे कारण विचारा. उत्तर पटले नाही तर, गरज कितीही असली तरी, त्या कंपनीत एचआर म्हणून जाऊ नका. तिथे तुमचे पहिले काम ते कागद सावरण्याचे असेल, आणि तपासणी आली की खुलासा करायला तुम्हालाच पुढे केले जाईल.